तिसरी मिनतवारी

नववीच्या एका धड्याखाली शब्दार्थ दिलेले होते. त्यात ‘मिनतवारी – विनवणी’ अशी एक ओळ होती आणि ती वाचली की दरवर्षी माझं डोकं फिरायचं. शहापूरच्या एका शाळेत मी मराठी शिकवत असे. ज्या कुणी हा अर्थ लिहिला, त्याच्या घरात कधी लग्न झालेलं नसावं, असं माझं ठाम मत होतं.

विनवणी देवापुढे करायची. हात जोडायचे आणि मोकळं व्हायचं, देव काही उलट बोलत नाही. विनंती कागदावर करायची आणि खाली सही ठोकायची. पकडला गेलेला माणूस गयावया करतो. सगळे इलाज संपले की माणूस काकुळतीला येतो. मिनतवारीची गोष्टच वेगळी. तिला दोन माणसं लागतात आणि समोरचा शेवटी हो म्हणणार आहे, हे दोघांनाही पक्कं ठाऊक असावं लागतं. तरीही त्यानं नाही म्हणत राहायचं आणि आपण हांजी हांजी करत राहायचं. एवढं सगळं मी वर्गात पोटतिडकीनं सांगायचे आणि पोरं खिडकीबाहेर बघायची.

मग ‘वाक्यात उपयोग करा’ म्हटलं की खर्डीहून येणारी एक मुलगी हमखास लिहायची, ‘आजीने एसटी थांबवण्यासाठी कंडक्टरची मिनतवारी केली.’ मी अर्धा मार्क कापायचे, कारण आमच्याकडचा कंडक्टर थांबेलच याची खात्री ब्रह्मदेवालाही नाही. एका कार्ट्यानं लिहिलं होतं, ‘बाईंनी आमची खूप मिनतवारी केली तरी आम्ही गृहपाठ केला नाही.’ त्याला मी पूर्ण मार्क दिले आणि दोन धपाटेही.

माझं स्वतःचं वाक्य मात्र मी फळ्यावर कधी लिहिलं नाही. ते असं होतं: काकांना लग्नाला नेण्यासाठी तीन वेळा मिनतवारी करावी लागते.

माझं माहेर मुरबाड तालुक्यात, म्हसा गावाच्या पुढे. माझे वडील आणि त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे काका, यांची घरं एकमेकांना लागून आणि पुढचं खळं सामाईक. शेती सावडीनं व्हायची. आधी काकांच्या शेतात सगळ्यांनी लावणी करायची, मग आमच्या. हिवाळ्यात म्हशाची जत्रा भरली की दोघं भाऊ पहाटे निघायचे. बैल घ्यायचे असोत नसोत, दिवसभर या दावणीपासून त्या दावणीपर्यंत बैलांचे दात बघत हिंडायचे आणि संध्याकाळी एक घोंगडं नाहीतर कोयता घेऊन परत यायचे. वर्षाचे तीनशे साठ दिवस काकांसारखा गुणी माणूस नव्हता. उरलेल्या दिवसांत घरात कुणाचं ना कुणाचं लग्न असायचं.

लग्नाच्या दिवशी काका रुसायचे. कारण काहीही चालायचं. मांडवाचा पहिला खांब रोवताना नारळ त्यांच्या आधी दुसऱ्याच्या हातात गेला. पत्रिकेत त्यांचं नाव दुसऱ्या ओळीत आलं. एकदा तर आचाऱ्यानं ‘आजोबा, बाजूला व्हा’ म्हटलं, तेवढ्यावर रुसले. रुसले की तडक जाऊन विहिरीजवळच्या जांभळाखाली बसायचे. ती जागा नीट निवडलेली होती. मांडवातून माणूस तिथे स्पष्ट दिसतो. अंगात परीटघडीचा सदरा, डोक्यावर कडक टोपी, नवं धोतर, पायांत वहाणा. म्हणजे निघायची सगळी तयारी करून हा माणूस न येण्यासाठी बसायचा! आणि इकडे त्यांची बायको, आमची काकू, पदर खोचून आमच्याच चुलीपुढे वडे तळत असायची. तिला विचारलं तर म्हणायची, “बसूंदे गो, ऊन लागलं का येतील.”

पण ऊन लागून ते कधी आले नाहीत. त्यांना आणायची रीत ठरलेली होती. पहिल्यांदा बाबा जायचे आणि हात जोडून म्हणायचे, “दादा, चल ना.” त्यावर काकांचं उत्तर ठरलेलं असायचं, “तुमी करा. माजं काय. मी घर राखतो.” दुसऱ्यांदा आई आणि काकू पाण्याचा तांब्या घेऊन जायच्या. काकूला स्वतःच्या नवऱ्याला चारचौघांत ‘अवो, चला’ म्हणावं लागायचं. त्यावर “नाय म्हंजे नाय.” मग तिसऱ्यांदा घरातल्या लेकीनं जायचं, म्हणजे मी. मी हुकमाचा एक्का. दहा वर्षांची होते तेव्हापासून मला तिकडे पिटाळायचे. मी जाऊन त्यांचा हात धरायचा आणि “काका, चला नं” म्हणायचं. मग ते गुडघ्यावर हात टेकून उठायचे आणि दर वेळी तेच म्हणायचे, “तुज्यासाठी येतो गो. नायतर नसतो आलो.”

लहानपणी मला याची फुशारकी वाटायची. नंतर कंटाळा आला आणि मग चीड. माझ्या स्वतःच्या लग्नातसुद्धा मला सुटका नव्हती. हळद लागलेल्या नवरीनं मांडवाबाहेर पाऊल टाकू नये म्हणतात. मी हळदीनं पिवळीधम्मक झालेली, कपाळाला मुंडावळ्या, आणि आई म्हणते, “जा गो, तुज्याबिगर ते उठायचे नाय.” भरउन्हात मी जांभळापर्यंत गेले, हात धरला, ‘चला नं’ म्हटलं. काकांचा सदरा पिवळा झाला म्हणून ते वर आणखी थोडे कुरकुरले. त्या दिवशी मी मनात म्हटलं, बास. यापुढे नाही.

माझ्या लग्नानंतर दोन वर्षांनी धाकट्या भावाचं लग्न निघालं. मी तोवर सापगावला सासरी राहून शहापूरच्या शाळेत रुजू झाले होते. वऱ्हाड जायचं होतं नवरीच्या गावी, मुहूर्त दुपारचा. एक टेम्पो आणि दोन जीपगाड्या ठरवल्या होत्या. पुढच्या जीपमध्ये ड्रायव्हरशेजारची जागा काकांची, हे न बोलता ठरलेलं. पण व्हिडिओवाला आला आणि त्याला पुढून नवरदेव दिसायला हवा, म्हणून कॅमेरा घेऊन तोच त्या जागेवर जाऊन बसला. काकांनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा बाबांकडे बघितलं आणि जांभळाचा रस्ता धरला.

बाबा गेले. आई आणि काकू गेल्या. इकडे टेम्पोवाला हॉर्न मारत होता, बायका उन्हात ताटकळत होत्या, नवरदेव घामानं निथळत होता. आई परत आली आणि म्हणाली, “जा गो, आता तुजी पाळी.”

मी म्हटलं, “जाते.”

आणि गेले नाही. घराच्या मागच्या बाजूला गेले, रांजणातलं पाणी प्यायले, तोंड धुतलं. मनात म्हणत होते, एकदा बसू दे त्यांना. एकदा तरी कळू दे की त्यांच्यावाचून लग्न अडत नाही. मग पुढे आले आणि मागच्या जीपमध्ये शेवटच्या बाकावर जाऊन बसले. मला बसलेलं बघून आई निर्धास्त झाली. बाबांनी हात वर करून गाड्या सोडायला सांगितल्या. त्यांचं काय चुकलं? मी गेले आणि काका आले नाहीत, असं आजवर कधी झालेलंच नव्हतं. मध्ये टेम्पो उभा होता, त्यामुळे जांभूळ कुणाला दिसत नव्हतं. ते मागच्या गाडीत असणार, असंच सगळ्यांनी धरलं. काकू टेम्पोत बायकांबरोबर गाणी म्हणत होती.

गाडी हलली आणि मी मागच्या काचेतून बघितलं. बघितलं नसतं तर बरं झालं असतं. पण ती गोष्ट नंतर सांगते, कारण तेव्हा मी ती कुणालाच सांगितली नाही.

नवरीच्या मांडवात उतरल्यावर बाबांनी विचारलं, “दादा कुठाय?”

“आले नाहीत,” मी म्हटलं. आणि बाबा बघतच राहिले म्हणून पुढे म्हटलं, “मी गेलेच नाही बोलवायला.”

मला वाटलं, ओरडतील. ओरडले असते तर मी चार गोष्टी ऐकवायला तयारच होते. बाबा हळू आवाजात एवढंच म्हणाले, “कोनाला बोलू नको.” आणि आहेराचं ताट घेऊन पुढे गेले. लग्न लागलं. व्हिडिओत बाबा प्रत्येक ठिकाणी मान वळवून वाटेकडे बघताना दिसतात.

त्याच संध्याकाळी परत आल्यावर बाबा आधी काकांच्या दारात गेले. मी खळ्यात उभी होते, मला सगळं ऐकू येत होतं. बाबा म्हणाले, “दादा, गडबडीत माज्याच डोक्यातनं गेलं. पोरीला मीच नाय धाडलं.” धडधडीत खोटं. जन्मात खोटं न बोललेला माणूस माझ्यासाठी खोटं बोलला, आणि मी गप्प राहिले.

काका म्हणाले, “दोन आल्या. तिसरी नाय आली.” त्यानंतर ते बाबांशी बोलले नाहीत.

एखाद्याला वाटेल, चार दिवस चाललं असेल. चार वर्षं! काकांनी खळ्याच्या मधोमध कुडाची आड घातली. सावड मोडली. लावणीला बाबा मजूर शोधत वणवण फिरायचे आणि पलीकडच्या शेतात काकाही तेच करायचे. सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही, दुसरं काय. म्हशाची जत्रा आली की बाबांना काहीतरी काम निघायचं. एका हिवाळ्यात मी मुद्दाम गेले आणि म्हटलं, “चला बाबा, मी येते तुमच्याबरोबर.” तर म्हणाले, “बैलांतलं तुला काय कळतं?” आणि कुंपणाला काट्या लावत बसले.

मी त्यांच्यावर चिडायचे. “जाऊन खरं का सांगत नाही तुम्ही?” तर म्हणायचे, “लेकीचं नाव माहेरात खराब व्हायला नको.” यावर मी आणखी चिडायचे. काकांवर चिडायचे, आईवर चिडायचे, त्या व्हिडिओवाल्याला तर मी दर दिवाळीला शिव्या घातल्या. पण खरं सांगते, बाबांचं ते खोटं माझ्या सोयीचं होतं. मला काकांपुढे जायची भीती वाटत होती. सगळ्यांवर ओरडत राहिलं की माणसाला आपली भीती ऐकू येत नाही.

मग भावाला मुलगी झाली. बारसं ठरलं. आत्या म्हणून नाव ठेवायचा मान माझा, म्हणून मी शाळेतून रजा काढून आदल्या दिवशीच माहेरी गेले. घरात बघते तर सगळे तोंडं पाडून बसलेले. पाळणा नव्हता.

आमच्या घराण्याचा पाळणा एकच. सागवानी, बाजूंना रंगीत लाकडी पोपट. बाबा त्यात वाढले, मी वाढले, भाऊ वाढला. तो थोरल्याच्या घरी माळ्यावर राहतो, म्हणजे काकांकडे. भावानं मुरबाडच्या बाजारातून चकचकीत नवा पाळणा आणला होता. बाबांनी तो दारातूनच परत पाठवला. “नवा नको.” मग जुना मागायला जा म्हटलं, तर तेही नाही. भाऊ वैतागून म्हणाला, “ताई, आता पोरीला काय सुपात घालू?” बाबा ओट्यावर बसून कुडाच्या आडेकडे बघत होते. ते म्हातारे दिसत होते. मला एकदम रडू फुटेल असं वाटलं, म्हणून मी नेहमीसारखी भांडून झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायका जमायच्या आत मी आडेला वळसा घालून काकांकडे गेले. जाताना सगळी मिनतवारी मनात जुळवली होती. आधी पाया पडायचं, मग काकूला मध्ये घ्यायचं, मग हात धरायचा.

काका ओट्यावर दोर वळत बसले होते. शेजारी पाळणा होता. खाली उतरवून धुतलेला, पोपट पुसून स्वच्छ केलेले, उन्हात वाळत ठेवलेला.

पाया पडायचं मी विसरलेच. “काका,” मी म्हटलं, “त्या दिवशी मला आईनं धाडलं होतं. मीच आले नाही. बाबा खोटं बोलले.”

काकांचा हात थांबला नाही. “मना म्हाईत हाय. शेवटल्या गाडीत काचेला नाक लावून बसली व्हतीस. मी बघितली.”

मी म्हटलं, “मग चार वर्षं बाबांवर का रुसलात?”

“मंग कोनावर रुसू? तुज्यावर? लेकीवर कोन रुसतं का गो?”

या माणसापुढे काय डोकं आपटायचं! चार वर्षं लावण्या वेगळ्या, जत्रा बंद, खळ्यात कूड, आणि का, तर लेकीवर रुसायची रीत नाही म्हणून भावावर रुसले. मी तिथेच ओट्यावर उभी राहून वाट्टेल ते बोलले. काकू आतून ऐकत होती, पण मध्ये पडली नाही. बोलून बोलून दम लागल्यावर मी म्हटलं, “चला आता.”

काका उठले. एका शब्दावर. ना “घर राखतो”, ना “तुज्यासाठी येतो”. पाळण्याचं एक टोक उचललं आणि म्हणाले, “धर तिकडनं.”

आम्ही दोघं पाळणा घेऊन आडेच्या कडेनं आमच्या अंगणात आलो. आई हातातलं सूप टाकून पुढे धावली. बाबा ओट्यावरून उठले. त्यांचा चेहरा इतका उजळलेला मी कित्येक वर्षांत बघितला नव्हता. इथे काकांनी गप्प बसायचं की नाही? पण पाळणा खाली ठेवून ते सरळ म्हणाले, “पोरीनं समदं सांगितलं. तसं मना पयल्यापासनं म्हाईत व्हतं, तू खोटं बोलला ते.”

“पयल्यापासनं?” बाबांनी एवढंच विचारलं.

“मंग? डोळे हायत ना मना.”

बाबा वळले, आत गेले, भाताच्या कणग्या असतात त्या मागच्या खोलीत शिरले आणि दार लोटून घेतलं.

साठ वर्षांत बाबा कधी रुसले नव्हते. दुसऱ्यांचे रुसवे काढण्यातच त्यांचा जन्म गेला होता. आईनं कपाळावर हात मारला. बायका यायला लागल्या होत्या, बाळ भुकेनं रडत होतं, भाऊ घड्याळ बघत होता. काका दारापुढे जाऊन उभे राहिले. ज्या माणसानं आयुष्यभर मिनतवारी करवून घेतली, त्याला ती करता मात्र अजिबात येत नव्हती. दरडावल्यासारखे म्हणाले, “ए, ये ना भायेर.” मग म्हणाले, “अरे, बायका जमल्यात. पोर रडते. काय चाललंय तुजं?”

आतून बाबांचा आवाज आला, “तुमी करा. माजं काय. मी घर राखतो.”

काका माझ्याकडे वळले. त्यांच्या डोळ्यांत खरंखुरं आश्चर्य होतं. “हा असा का करतो गो?” मला हसावं की ओरडावं कळेना. मग त्यांनी टोपी काढून पुन्हा नीट घातली आणि खालच्या आवाजात म्हणाले, “दोन झाल्या. आता तू जा.”

मी आत गेले. बाबा कणगीला टेकून पोत्यावर बसले होते. बारशासाठी धुतलेला पांढरा सदरा, वरपर्यंत लावलेली बटणं, आणि घरात असूनही पायांत वहाणा. दहा वर्षांची असल्यापासून मी हे काम करत आले होते. हात धरायचा, ‘चला नं’ म्हणायचं, संपलं. पण त्या दिवशी मला शब्द सापडेना. वर्गात मी छातीठोकपणे सांगायचे की समोरचा हो म्हणणार, हे दोघांनाही ठाऊक असतं. बाबा हो म्हणतील की नाही, हे मला ठाऊक नव्हतं.

“बाबा, माझं चुकलं,” मी म्हटलं. “त्या दिवशी चुकलं आणि मग चार वर्षं गप्प राहिले, तेही चुकलं. आणि अजून एक आहे.”

बाबांनी वर बघितलं.

“गाडी सुटली तेव्हा काका उठले होते. आधी चालत आले. मग गाडी थांबत नाही बघून धावले. एका हातानं धोतर आणि एका हातानं टोपी धरून. मी काचेतून बघत होते.”

“किती धावला?”

“वळणापर्यंत.”

बाहेर पाळण्याला दोर बांधताना काकांचं कुणावर तरी खेकसणं चालू होतं.

“आनी तू गाडी नाय थांबवलीस,” बाबा म्हणाले.

“नाही थांबवली.”

मी हात पुढे केला. “चला नं, बाबा.” पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदाही म्हटलं. बाबा गुडघ्यावर हात टेकून स्वतःच उठले. माझा हात त्यांनी धरला नाही. माझ्या बाजूनं दाराबाहेर गेले आणि मला त्यांचा आवाज ऐकू आला, “दादा, सर. ही गाठ अशी मारतात व्हय? पोर पडंल.”

“मंग तू मार,” काका म्हणाले.

मी त्या खोलीत कणग्यांमध्ये उभी राहिले. पुढे केलेला हात मागे घ्यायचं मला सुचलं नाही. बाहेर दोघा भावांचा गाठीवरून वाद रंगला होता, बायका हसत होत्या. मला वाटलं, कुणीतरी आत येईल, विचारेल. कुणी आलं नाही. मग आईनं बाहेरून हाक मारली, “आत्या कुठाय? नाव ठेवायचंय.”

एकच हाक आली. मी पदरानं डोळे पुसले आणि गेले.